समोरची कड

बोलता बोलता आदिनाथ मध्येच थांबला. तसा तो नाण्यांवर बोलायला लागला की थांबणाऱ्यातला नव्हे; नगरच्या सावेडीत जी दहाबारा माणसं जुनी नाणी जमवतात, ती त्याला घरी चहाला बोलावताना आपल्याला नंतर कुठं जायचंय ते आधी सांगून ठेवतात. पण आज रविवारी सकाळी, पाइपलाइन रोडवर गोरक्षनाथच्या घरी, हातात पाच रुपयांचं नाणं आणि डोळ्याला भिंग असताना, ‘आता समोरची कड बघायची,’ एवढं म्हणून तो गप्प झाला. गोरक्षनाथ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तीस वर्षं चिल्लर हाताळली, तेव्हा नाण्यांतलं आपल्याला थोडंफार कळतं असा त्याचा समज, आणि मोबाईलवर कोणीतरी चुकून छापलेल्या नाण्यांना लाखाचा भाव सांगितल्यापासून तो समज चांगलाच फोफावलेला. त्याच्या नाण्याची एक बाजू चंद्रकोरीच्या आकारात गेलेली होती. “काय झालं? बघा की फुडं,” तो म्हणाला. आदिनाथनं नाणं फिरवलं. समोरची कड जाड, उठावदार, सगळीकडं सारखी. “ह्ये नंतरचं हाय,” तो म्हणाला. “कुनीतरी गोल कानशीनं घासलंय. टाकसाळीतलं न्हाई.” गोरक्षनाथच्या बायकोनं आतून विचारलं, की मग पोहे करू का नको. तिला बिचारीला वाटलं असावं, लाख मिळाले तर शिरा करावा लागेल.

“पन तुमाला कसं कळलं येवढ्यात?” गोरक्षनाथचा चेहरा पडला होता. आदिनाथनं त्याला समजावलं. म्हणजे तोंड समजावत राहिलं आणि तो स्वतः भलतीकडंच निघून गेला. नाण्याच्या चकत्या लांब पट्टीतून कापतात. पट्टी पुरती पुढं सरकली नाही, की पुढचा ठोका आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा एका बाजूनं घास गेलेला असतो. मग कड उठवायला ती चकती दोन्ही बाजूंनी दाबत फिरवतात. जिथं घास गेलाय तिथं दाबायला काही नसतंच. आणि एका बाजूला टेकू नाही म्हटल्यावर बरोब्बर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. म्हणून जे नाणं टाकसाळीतच असं निघालं, त्याची घासासमोरची कडही बसकी असते. बाहेर कोणी कापलं असेल तर कापायच्या आधी कड पुरती उठून झालेली असते, ती तशीच राहते. “कापनारा येक बाजू कापतो,” आदिनाथ म्हणाला, “समोर काय करायचं ते त्याला म्हायतीच नसतं.” हे वाक्य त्यानं आजवर पन्नास वेळा तरी ऐटीत म्हटलं असेल. आज ते तोंडातून गेलं आणि त्याला स्वतःच्या घरातल्या देव्हाऱ्यातला रुपया आठवला. निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत आपण हजारभर नाण्यांची समोरची कड बघितली आणि त्याची एकदाही बघितली नाही, हे त्याच्या आत्ता, ह्या खुर्चीत बसून ध्यानात आलं. पोहे न खाताच तो उठला.

घर दीड किलोमीटरवर. एरवी तो रिक्षा करतो, आज चालत निघाला, कारण घरी लवकर पोचू नये असं त्याला वाटत होतं. उन्हं चढली होती. दुकानांच्या नव्या पाट्यांवर अहिल्यानगर आणि जुन्यांवर अहमदनगर, आणि बोलताना सगळे नुसतं नगरच म्हणत होते. तो रुपया राणीछाप, चांदीचा, त्याच्या गावच्या, काष्टीच्या घरातला. आदिनाथच्या आजीनं त्याच्या आईच्या, छबूबाईच्या, हातात दिलेला. लक्ष्मीपूजनाला तो पुढं मांडायचा आणि बाकी वर्षभर तो देवांत. छबूबाईच्या घराची रीत अशी, की लक्ष्मीच्या रुपयाला पाणी लावायचं नाही. धुतला तर लक्ष्मी वाहून जाते. त्याला नुसती हळद, कुंकू, तुपाचं बोट. वर्षानुवर्षं थरावर थर, त्यामुळं तो रुपया न दिसता एखादी लालसर वडी ठेवल्यासारखा दिसायचा. त्याची बायको जया बेलापूरची. तिच्या माहेरी उलटं. दिवाळी आली की देव, समया, पूजेतले पैसे, सगळं चिंचेनं घासून लख्ख करायचं, आणि ज्या पोरीचे देव जास्त चमकतील तिचं कौतुक. लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासू शेजारी गेलेली. नव्या सुनेनं कौतुकाच्या आशेनं चिंच भिजत घातली आणि अंगणात बसून रुपया घासला. थर निघाला, राणीचा चेहरा निघाला, आणि कडेचा एक घास गेलेला निघाला. मुद्दाम काही करणारी बाई तो गुपचूप परत ठेवून देती. जया तो ओल्या हातात घेऊन स्वतःच सासूकडं पळत गेली, “आत्याबाई, ह्याला काय झालंय बघा!”

छबूबाईनं आधी रुपयाकडं बघितलं आणि मग सुनेच्या पायांकडं. तेवढं एकदाच बघितलं, पण आदिनाथ ओट्यावर दाढी करत बसला होता, त्याला ते दिसलं. आदल्याच शनिवारी काष्टीच्या बाजारात जयानं लग्नात मिळालेली आईची जुनी, झिजलेली जोडवी सोनाराकडून नीट करून आणली होती, आणि ती आधीपेक्षा जाड दिसत होती, किंवा नवी झळाळी होती म्हणून दिसत होती. “माझ्या सासूनं अख्खा दिल्ता ह्यो,” छबूबाई म्हणाली. मग मुलाकडं वळून, “आदिनाथ, तू ल्हानपनापसून बघतुयास. ह्यो असा हुता का?” गालावर साबण होता. वस्तरा हातात होता. “मला न्हाई आठवत,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. थराखालचा रुपया त्या घरात कोणीच बघितलेला नव्हता. पण खरं तरी कसलं, कारण हेच वाक्य त्याला तिथं म्हणता आलं असतं, की आई, हा कोणीच बघितलेला नाही, तूसुद्धा नाही. ते त्याला आज, पस्तीस वर्षांनी, रस्त्यात रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकत चालताना सुचलं.

आरडाओरडा काही झाला नाही. चोरीचा शब्द छबूबाईनं जन्मात उच्चारला नाही, आणि म्हणून तो खोडूनही काढता आला नाही. “ऱ्हाऊ दे. आजपसून देवाचं मी बघीन,” एवढंच ती म्हणाली, आणि तेवीस वर्षं तिनं ते पाळलं. पुढं आदिनाथ नगरला स्थिरावला, आई आली, देवही आले, आणि खोली केवढीशी असली तरी देव्हाऱ्याची बाजू छबूबाईची राहिली. जयानं स्वयंपाक करायचा, नैवेद्य वाढून उंबऱ्याशी ठेवायचा. पुढचं सासू करणार. दिवाळीला छबूबाई रुपया मांडायची तो घासाची बाजू पुढं करून. पाहुण्याबाया विचारायच्या, मग ती म्हणायची, “अख्खा हुता वं,” आणि पुढं काहीच नाही. शेवटचे चौदा महिने ती अंथरुणाला खिळली, तेव्हा पूजेला शेजारच्या बायडाबाईला बोलावून घ्यायची. बायडाबाई आत घंटा वाजवायची आणि जया मागच्या मोरीत सासूची लुगडी धूत असायची. तो घंटेचा आणि धोपटण्याचा आवाज एकाच वेळी येत असताना आदिनाथ कामावर जायचे बूट बांधायचा. त्याला त्यात वाईट वाटायचं, पण कशाचं ते त्यानं कधी नीट बघितलं नाही.

प्रोफेसर कॉलनीच्या चौकात सिग्नल नसताना तो उगाच थांबला. खरी गोष्ट आता टाळता येण्यासारखी नव्हती. त्याला संशय होता. आईइतका नाही, पण होता. जया माणूस म्हणून वाईट, असं त्याला कधी वाटलं नाही. गरिबाघरची पोर, जोडवी झिजलेली, सोनारानं म्हटलं असेल थोडी चांदी आणा, तिला काय माहीत लक्ष्मीचा रुपया म्हणजे काय, अशी त्यानं तिच्या वतीनं मनात सगळी कैफियत तयार केली होती आणि तिला माफही करून टाकलं होतं. न केलेल्या गुन्ह्याची माफी देऊन तो स्वतःवर इतकी वर्षं खूश होता. पोटात रुपाली, त्यांची मुलगी, असताना जयाचे पाय सुजले तेव्हा तिनं जोडवी काढून कोनाड्यात ठेवली होती. तेव्हा त्यानं कारखान्यातला व्हर्नियर पिशवीतून घरी आणला आणि ती दुपारची झोपली असताना जोडव्यांची जाडी मोजली. साडेतीन मिलिमीटर. मोजल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आधीचं माप आपल्याकडं नाहीच. आपल्या ह्या मूर्खपणाला तो पुढं एकटाच हसलाही होता. आत्ता हसू आलं नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, रुपया कोणी कापलेला नसेल हे त्याला तेव्हाही कळण्यासारखं होतं. ती दिवाळी आली तेव्हा एमआयडीसीत प्रेस शॉपवर लागून त्याला दोन वर्षं झाली होती. पंख्यांचे, मोटारींचे पत्रे. पट्टीतून चकत्या कापायच्या, दिवसाला हजारो. पट्टी सरकवणाऱ्याला डुलकी लागली की घास गेलेल्या चकत्या पडायच्या आणि आदिनाथ त्या बुटानं भंगाराच्या पिंपाकडं ढकलायचा. तसलाच आकार, तसलीच गोलाई. कातरीनं कापलेला तुकडा कधी इतका गोल निघत नाही, हे त्याच्या बुटालासुद्धा ठाऊक होतं. मग अंगणात तो रुपया हातात घेऊन नीट का बघितला नाही? नाणी पण अशीच कापतात हे तेव्हा माहीत नव्हतं, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं, पण ते पटलं नाही. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. आईसमोर, दिवाळीच्या दिवशी, लग्नाला सहा महिने झालेल्या सुनेच्या बाजूनं. न बघण्याला काही लागत नव्हतं. त्याचं सगळं फुकटात निभावलं. लाज म्हणतात ती आधी कानांना लागते की काय कोण जाणे. त्याचे कान तापले, आणि तो ऊन म्हणून एका झाडाखाली सरकला.

घरी जया नव्हती. गिरणीत गेली होती. रविवारी गर्दी असते, म्हणजे अर्धा तास तरी. आदिनाथ देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. आई गेल्यापासून बारा वर्षं पूजा जया करते. तिनं काष्टीची रीत मोडली नाही. रुपयावर पुन्हा लाल थर चढला आहे, आणि घासाची बाजू कोणीकडं आहे ते आता बाहेरून दिसतही नाही. त्यानं रुपया उचलला आणि लगेच परत ठेवला. समोरची कड पूर्ण उठावदार निघाली तर? तर आई बरोबर होती, आणि पस्तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो तिच्याबद्दल आतून जे वाटत होतं ते बरोबर होतं, आणि हे कळून आता साठीत आपण काय करणार? आणि बसकी निघाली तर? त्याला वाटलं, बसकी निघावी. मग वाटलं, ती निघाली तर आपलं काय राहिलं? आपण देवापुढं उभे आहोत हे ध्यानात येऊन त्यानं सवयीनं हातही जोडले.

जुनं नाणं धुवायचं नसतं. कोणी घासून आणलेलं नाणं दाखवलं तर आदिनाथ लोकांवर डाफरतो. आज त्यानं स्वतः वाटीत कोमट पाणी घेतलं, रुपया बुडवला आणि दातांच्या जुन्या ब्रशनं अगदी हलक्या हातानं थर सोडवला. पाणी लाल झालं. दोनदा बदललं. खिडकीशी जाऊन त्यानं भिंग लावलं. १८८२. घासाजवळ येता येता राणीच्या नावाची अक्षरं पसरट होत विरत गेली होती, तुटलेली नव्हती. कापलेल्या नाण्यात अक्षर असं विरत नाही, मध्येच कापलं जातं. मग त्यानं रुपया अर्धा फिरवला. समोरची कड नव्हतीच म्हटलं तरी चालेल. दोन्हीकडून उठत आलेली कड तिथं येऊन बसली होती आणि बाजूचे कंगोरेही तेवढ्या भागात पुसट होते. झिजल्यामुळं असेल म्हणून त्यानं पाठची बाजू बघितली. तिथंही तीच जागा. मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा बघितलं. चांदीचा रुपया टाकसाळ तोलून बाहेर सोडायची, कमी भरला तर वितळवायची. हा कसा निसटला देव जाणे. एकशेचाळीस वर्षांपूर्वी तराजूशी बसलेल्या कुण्या माणसाची नजर एक क्षण दुसरीकडं गेली असेल, आणि त्याची भरपाई बेलापूरच्या एका पोरीनं केली. आदिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला आनंद झाला होता, खराखुरा, पोटातून वर येणारा आनंद. जयाला आता सांगायचं. तिच्या डोक्यावरचं ओझं आज उतरणार, ते आपण उतरवणार, पुराव्यानिशी. रुपालीला पुण्याला फोन करायचा, तिलाही सांगायचं. इथपर्यंत तो मनानं पोचला असताना दार वाजलं.

“देव कशाला काढले वं?” डबा कमरेवर घेऊन जया आत आली. “जया, हिकडं ये. बस आधी.” “पीठ गरम हाय, झाकन काढू दे, न्हाईतर घामंल,” म्हणून ती ओट्याकडं गेली, डबा उघडा करून ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि मग आली. ओला, उघडा पडलेला रुपया बघून तिचा चेहरा जरा बदलला. “धुतला तुमी?” आदिनाथनं तिला खिडकीशी उभं केलं, भिंग तिच्या डोळ्याशी धरलं, आणि बोलायला लागला. पट्टी, चकती, दाब, टेकू, कड. गोरक्षनाथला सांगितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगितलं. तिला भिंगातून बघायची सवय नव्हती, ती एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटत होती. “दिसली का? ही बाजू बसलेली?” “हां. दिसतीया.” “मग! कापलेला न्हाईच ह्यो. टाकसाळीतनंच असा आलाय. तू न्हाई कापला, जया.”

“मी कुटं म्हनले कापला म्हनून?” ती म्हणाली, आणि जराशी हसलीही. आदिनाथही हसला. बरं चाललं होतं. “तसं न्हाई गं. पुरावा हाय आता. आई असती तर तिच्याफुडं ठिवला असता. आज पार पक्कं झालं.”

जयानं भिंग खिडकीत ठेवलं. “कुनाचं?”

“काय कुनाचं?”

“पक्कं. कुनाचं पक्कं झालं?”

आदिनाथनं तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की आता जे काही म्हणू ते ह्याच प्रश्नाचं उत्तर होणार. आईचं म्हणावं तर आई नाही. तिचं म्हणावं तर तिला पुराव्याची गरज कधीच नव्हती. ह्या सगळ्या घरात, सगळ्या काष्टीत, रुपया कापला नाही हे नक्की ठाऊक असलेलं माणूस एकच होतं. मग उरलं कोण, त्याचं उत्तर त्या दोघांच्या मध्ये उभं होतं. बाहेर कुणाच्यातरी गच्चीवर गादी झोडत होते. जया त्याच्याकडं बघत होती, रागानं नव्हे. हिशेब जुळत नसला की ती दुधाच्या कार्डाकडं बघते, तशी.

“त्या दिवाळीत भाऊबीजंला मला म्हायेराला सोडाया निगालो आपन,” ती म्हणाली. “काष्टीच्या स्टँडवर. यष्टी यायची हुती. मी रडत हुते तर तुमी पिशवी खाली ठिवली आन म्हनले, उगी ऱ्हा, मला म्हायती हाय तू न्हाई कापला. आईला कोन सांगनार, पन मला म्हायती हाय.”

आदिनाथनं आठवून बघितलं. स्टँड आठवला, उसाच्या गाड्यांची रांग आठवली, पिशवीत आईनं दिलेल्या करंज्या होत्या तेही आठवलं. ते वाक्य कुठंच सापडलं नाही. म्हटलं असेल. चारचौघांत बायको रडत होती, तिनं गप्प बसावं म्हणून म्हटलं असेल, आणि एसटीत जागा धरायच्या गडबडीत तिथंच टाकून दिलं असेल. तिनं ते उचलून घेतलं होतं. “जया,” तो म्हणाला.

“आत्याबाईंचं मला काय वाटलं न्हाई,” जया म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता. “त्यांला जे दिसलं तसं त्या वागल्या. त्यांचं हागनं-मुतनं काडलं मी, कवा जड न्हाई गेलं. बायडाबाई आत पूजा करायची आन मी मोरीत, तवा बी मनात म्हनायचे, करू दे, कुनाला काय वाटायचं ते वाटू दे.” तिनं रुपया पदरानं कोरडा केला, देव्हाऱ्यात जागेवर ठेवला, करंडा उघडला आणि बोटावर कुंकू घेतलं. पण ते बोट रुपयावर टेकलं नाही, तसंच वर राहिलं.

“मला वाटायचं, आपल्या दोघांला म्हायती हाय,” ती म्हणाली. “मी येकटीच हुते व्हय.”